मोठेपणी पेटी शिकताना: आधी भाता, मग बोटं

कोकणात पेटी, म्हणजे हार्मोनियम, नसलेली वाडी सापडणं कठीण. देवळात एक असते, भजनी मंडळाची एक असते आणि दोन-चार घरांत माळ्यावर गोधडीत गुंडाळलेली असते. वाजवणारे मात्र मोजकेच. गणपतीत आरतीला पेटी हवी असते आणि वाजवणारा पुतण्या मुंबईहून आलेला नसतो, मग नुसत्या टाळ-झांजेवर भागवावं लागतं. तिशी-चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा पट्टीला बोट लावणाऱ्या माणसाने काय, किती आणि कोणत्या क्रमाने करावं, ते पुढे दिलं आहे. दिवाळीनंतर सुरुवात केली आणि रोज पंचवीस मिनिटं दिली, तर पुढच्या भाद्रपदात घरच्या आरतीला पेटी धरता येते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मोठ्या माणसाला आपली बोटं जड झाली याचीच काळजी असते. बोटं महिन्या-दोन महिन्यांत वळतात. पेटी कच्ची वाजते ती डाव्या हातामुळे, आणि तिकडे कुणी बघतच नाही. म्हणून शिकण्याची सुरुवात भात्यापासून.

कोणती पेटी घ्यावी

साडेतीन सप्तकांची, म्हणजे ४२ पट्ट्यांची, सुरांच्या दोन ओळी असलेली साधी पेटी घ्या. ३९ पट्ट्यांची मिळाली तरी अडत नाही. सूर म्हणजे पेटीच्या पोटातल्या पितळेच्या पातळ जिभा. हवा गेली की त्या थरथरतात. एक ओळ खर्जाची (खालच्या आवाजाची) आणि एक नराची (मधल्या आवाजाची) असली की घरच्या अभ्यासालाही पुरते आणि भजनालाही. मादीची (उंच आवाजाची) तिसरी ओळ असेल तर आवाज मोठा होतो, पण हवाही जास्त लागते. नवशिक्याचा डावा हात त्यातच दमतो.

स्केलचेंजरची पेटी, म्हणजे जिच्यात पट्ट्या सरकवून सा बदलता येतो ती, सुरुवातीला नकोच. ती जड आणि महाग असते. शिवाय आत सरकणारी यंत्रणा जितकी जास्त, तितक्या खाऱ्या हवेत गंजायच्या जागाही जास्त. आणि पट्टी सरकवून काम भागत असेल तर दुसऱ्या पट्टीत बोटं बसवायचा कंटाळा येतो, तो पुढे नडतो.

माळ्यावरची जुनी पेटी काढली असेल किंवा कुणाची वापरलेली घेणार असाल, तर पैसे देण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिलं, सगळे खटके (सुरांच्या ओळींकडे हवा सोडणारी, पुढची ओढायची बटणं) बंद करून भाता भरा. भाता हाताला घट्ट लागला पाहिजे आणि हवा हळूहळू उतरली पाहिजे. फुस्सकन बसला तर सांध्याचं कातडं सुटलं आहे किंवा उंदराने कुरतडलं आहे.

दुसरं, खटके उघडा, पण एकही पट्टी दाबू नका आणि हवा द्या. काही ऐकू येता कामा नये. एखादा सूर आपोआप बोलत असेल तर त्याची पट्टी लाकूड फुगून अडकली आहे, नाहीतर खालची कमान (स्प्रिंग) सैल झाली आहे. हे दुरुस्त होतं.

तिसरं, खर्ज बंद ठेवा, भाता पूर्ण भरा, मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबून धरा आणि मनात आकडे मोजा. सात-आठ सेकंद तरी सूर टिकायला हवा.

चौथं, अगदी हलकी हवा देत डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जा. काही सूर लगेच बोलतील, काही उशिरा. सगळीकडे उशीर होत असेल तर पेटी सोडा. दोन-तीनच सूर अडत असतील तर बहुधा कचरा बसलेला असतो.

बैठक

खाली मांडी घालून बसत असाल तर पेटी लहान पाटावर ठेवा. पट्टीवर हात ठेवल्यावर कोपर पट्टीच्या पातळीत आलं पाहिजे. कोपर खाली राहिलं तर मनगट वर मोडतं आणि दहा मिनिटांत दुखू लागतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर बिनहाताच्या खुर्चीवर बसून पेटी टेबलावर ठेवा. त्यात काहीही कमीपणा नाही. मात्र टेबल जेवणाच्या टेबलापेक्षा थोडं बुटकं हवं. उजव्या हाताची नखं कापलेली हवीत. नख वाढलं की बोट आडवं पडतं.

पहिले आठ दिवस: फक्त भाता

भात्याची कडी सोडा. डाव्या हाताची चार बोटं भात्याच्या फळीवर वरच्या कडेजवळ ठेवा, अंगठा मोकळा. फळी ढकलायची, पण परत ओढायची नाही. ती कमानीने आपोआप उघडते. हात तिच्याबरोबर मागे येतो, एवढंच.

बाहेरचा भाता हवा आत लोटतो आणि पेटीच्या पोटात दुसरा भाता ती साठवून ठेवतो. सुरांना हवा मिळते ती या आतल्या साठ्यातून. पाण्याची टाकी जशी अर्धी भरलेली राहिली की नळाला धार सारखी येते, तसंच इथे. साठा पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नाही आणि गच्च भरून वर जोरही लावायचा नाही. छोटे, सारखे, बिनघाईचे दाब द्यायचे.

नराचा खटका उघडा. मधल्या सप्तकातली कोणतीही एक पट्टी उजव्या हाताने दाबा आणि डोळे मिटून एक मिनिट सूर चालू ठेवा. फळी परत येते त्या क्षणी आवाज खाली बसतो का, ते ऐका. पहिल्या दिवशी बसतोच. सूर दम लागलेल्या माणसासारखा वरखाली होतो. चार-पाच दिवसांनी दाब कधी दिला ते कानाला कळेनासं होतं, तेव्हा भाता जमू लागला समजा. मग तेच काम दोन पट्ट्यांवर करा. एक पट्टी सोडताना दुसरी दाबायची आणि डाव्या हाताने त्याकडे लक्षच द्यायचं नाही.

बहुतेकांची चूक इथेच होते. उजव्या हाताने पट्टी दाबली की डावा हातही धक्का देतो. प्रत्येक सुराला एक हिसका. ही सवय पंधरा दिवसांत मुरते आणि मग वर्षभर जात नाही. ती टाळायला एक उपाय आहे: डाव्या हाताची गती मुद्दाम वेगळी ठेवा. उजवा हात चार सूर वाजवेल तेवढ्यात डाव्याचे तीन दाब होऊ द्या. सुरुवातीला गोंधळ होतो, पण दोन्ही हात एकमेकांपासून सुटतात.

जत्रांच्या दिवसांत दशावताराला गेलात तर पेटीवाल्याच्या डाव्या बाजूला जागा धरा. रात्रभर वाजवणारा माणूस डावा हात किती कमी हलवतो ते बघून घ्या. मोबाईलवरच्या शिकवण्यांत बहुतेक उजवा हातच दिसतो.

पट्ट्यांची नावं

काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे पांढरी एक. तिथून उजवीकडे पांढरी दोन, तीन, अशा सातपर्यंत. काळ्यांमध्ये दोनच्या गटातल्या काळी एक आणि काळी दोन, तीनच्या गटातल्या काळी तीन, चार आणि पाच. सातव्या पांढरीनंतर पुन्हा पांढरी एक. डोळे मिटून गट चाचपायची सवय लावा, कारण पट्ट्यांकडे बघत राहिलात तर गाणाऱ्याकडे लक्ष राहत नाही.

सा कोणत्याही पट्टीवर धरता येतो. पुढचे शुद्ध सूर शोधायचा नियम एकच, तो पाठ करा: सा ते रे मधली एक पट्टी सोडायची, रे ते ग एक सोडायची, ग ते म लगेच पुढची, म ते प एक सोडायची, प ते ध एक, ध ते नि एक, नि ते वरचा सा लगेच पुढची. मोजताना काळी-पांढरी असा भेद करायचा नाही, ज्या क्रमाने येतील तशा मोजायच्या.

दुसरा आणि तिसरा आठवडा: नुसत्या काळ्या पट्ट्या

मोठ्या माणसाला लहान मुलासारखं महिनाभर सारेगम घोकायला लावलं की तो कंटाळतो. त्याचा कान तयार असतो, चाळीस वर्षं भजनं ऐकलेली असतात. त्याला लवकर काहीतरी गाण्यासारखं वाजायला हवं. त्यासाठी पेटीतच एक सोय आहे.

एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच. काळी एकला सा माना आणि वर जाताना फक्त काळ्याच वाजवा. सा, रे, म, प, ध येतात, म्हणजे दुर्गा. त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी तीनवर धरला की सा, रे, ग, प, ध, म्हणजे भूप. काळी चारवर सा धरला तर मधमाद सारंगाचे सूर मिळतात: सा, रे, म, प आणि कोमल (शुद्ध सुराच्या एक पट्टी खालचा) नि. काळी पाचवर धरला तर मालकंस: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. काळी दोनवर धानी. पट्ट्या पाचच, आणि सा बदलला की पाच राग.

इथे चुकीचा सूर लागायची भीतीच नाही, फक्त पांढरीला बोट लागू द्यायचं नाही. दोनच्या गटावर तर्जनी आणि मधलं, तीनच्या गटावर तर्जनी, मधलं आणि अनामिका. अंगठा या पंधरवड्यात बाजूला. काळी एकवरच्या दुर्गात पाच मिनिटं वर-खाली फिरा आणि दर वेळी साला येऊन थांबा. मग भूपात या. तेच सूर आता वेगळे का वाटतात हे कानाला समजलं, की सा म्हणजे काय ते कळलं. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप असेल तर प्रत्येक वेळी नवा सा त्यावर लावून घ्या, म्हणजे फरक ठळक होतो.

आपली पट्टी

पुढचा अभ्यास आपल्या गळ्याच्या पट्टीत, म्हणजे आपला सा जिथे येतो तिथून, करायचा, कारण तोंडाने सूर म्हणत वाजवलं तरच कान आणि बोट जुळतात. सकाळी उठल्याउठल्या नव्हे, दुपारनंतर बघा. पेटीवर सूर धरत गळा खाली न्या. जो सर्वांत खालचा सूर घरघर न होता स्वच्छ लागतो, तो मंद्रातला (खालच्या सप्तकातला) प समजा. तिथून वर पाच पट्ट्या मोजा, तो तुमचा सा. खाली काळी चार स्वच्छ लागली तर सा काळी एक. त्या साने वरच्या सप्तकातला ग ओरडल्याशिवाय लागतो का बघा. लागत नसेल तर सा एक पट्टी खाली घ्या. पुरुषांचा सा बहुतेक करून पांढरी एक ते काळी दोन यांच्यामध्ये येतो, बायकांचा पांढरी चार ते काळी पाच यांच्यामध्ये. भजनातले बुवा उंच पट्टीत गातात म्हणून पहिल्याच दिवशी त्यांची पट्टी धरू नका.

बोटं कुठे ठेवायची

पांढरी एकमध्ये सा अंगठ्याने, रे तर्जनीने, ग मधल्याने. मग मधलं बोट गवर असतानाच अंगठा त्याच्या खालून सरकवून मवर आणायचा. पुढे प तर्जनी, ध मधलं, नि अनामिका, वरचा सा करंगळी. उतरताना हेच उलट. म अंगठ्याने वाजला की मधलं बोट अंगठ्यावरून पलीकडे टाकून ग घ्यायचा.

काळी एकमध्ये सा तर्जनी, रे मधलं, मग अंगठा खालून काढून ग, जो पांढरी चारवर येतो. म तर्जनी, प मधलं, ध अनामिका, नि पुन्हा अंगठ्याने पांढरी एकवर, वरचा सा तर्जनी. यात अंगठा नेहमी पांढऱ्या पट्टीवर पडतो. इतर पट्ट्यांतही बोटं बसवताना हेच धोरण ठेवा.

अंगठा खालून काढताना मनगट झटका देतं आणि ग-म यांच्यात भोक पडतं. त्यासाठी सगळं सप्तक पुन्हापुन्हा वाजवून उपयोग नाही. फक्त ग म ग म, मधलं-अंगठा-मधलं-अंगठा, रोज वीस वेळा. मनगटावर एक रुपयाचं नाणं ठेवा. ते पडलं नाही म्हणजे अंगठा नीट सरकला.

पट्टी पूर्ण खाली जाईपर्यंत दाबायची, पण जोराने आपटायची नाही. आवाज मोठा होतो तो हवेने. पट्टी कितीही जोरात दाबली तरी सूर तेवढाच वाजतो, ठकठक मात्र ऐकू येते. दोन सूर एकमेकांत मिसळत असतील तर आधीचं बोट उशिरा उठतं आहे.

अलंकार आणि वेळ

पंचवीस मिनिटांची वाटणी अशी: पाच मिनिटं नुसता लांब सा, दहा मिनिटं अलंकार (सुरांचे ठराविक क्रम), दहा मिनिटं चाल. रविवारी दोन तास बसून आठवडाभर सुट्टी घेतली तर काही हाती लागत नाही.

पहिला अलंकार सारेग, रेगम, गमप, असा वरच्या सापर्यंत आणि परत. दुसरा सारेगम, रेगमप. तिसरा साग, रेम, गप, मध. लय मोबाईलवर मिनिटाला ६० लावा, एका ठोक्याला एक सूर. सलग चार वेळा बिनचूक आलं की ७०, मग ८०. ८०ला आलं की परत ६०वर येऊन एका ठोक्याला दोन सूर. चुकलं की पहिल्यापासून सुरू करायचं नाही. जिथे अडलं तेवढे तीन सूर दहा वेळा वाजवा आणि मग पुढे चला. मनगट किंवा खांदा दुखला तर त्या दिवशी थांबा. दुखऱ्या हाताने फक्त ताठरपणा शिकला जातो.

तिसऱ्या महिन्यात चाल काढायला घ्या. छापील सरगम हाताशी नसली तरी चालतं. ओळखीच्या आरतीची एक ओळ गुणगुणा आणि ती जिथे विसावते तो सूर पेटीवर शोधा. बहुतेक वेळा तोच सा असतो. तो सापडला की ओळीचा पहिला सूर शोधा, मग मधले. दिवसाला एक ओळ पुरे. सापडलेली सरगम वहीत लिहा: कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र (एक पट्टी वरच्या) मवर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. चाल बसली की केरव्याच्या ठेक्यावर म्हणून बघा, आठ मात्रा: धा गे ना ति, न क धिं न.

या टप्प्यावर आठवड्यातून एकदा तरी जाणत्याकडे जा. गावातले भजनी बुवा बहुतेक वेळा हौसेने शिकवतात. त्यांना आधी डावा हात दाखवा. पद्धतशीर शिकायचं असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना हार्मोनियम हा विषय आहे आणि पहिली पायरी प्रारंभिक. परीक्षा मुळीच आवश्यक नाही, पण तारीख ठरली की रियाझ होतो, एवढा फायदा नक्की. ऐकायला गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांचं वादन घ्या. पेटीतून गळा कसा काढायचा ते तिथे कळतं. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवलं होतं, कारण तिचे बारा सूर बांधलेले आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. ही मर्यादा आहेच. म्हणून गाणारा जिथे सूर ओढतो तिथे पेटीने बोटांची गर्दी करू नये, एक सूर धरून थांबावं.

पावसाळा

मृगापासून पुढचे चार महिने पेटीच्या जिवावर येतात. लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात, कातड्यावर बुरशी धरते, कमानी आणि स्क्रू गंजतात. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीजवळ, फळीवर, सुती कापडात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली की आतली ओल आतच राहते. पेटीच्या खोक्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. हे दाणे मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

सर्वांत मोठं औषध रोज वाजवणं. हवा खेळती राहिली की सूर आणि कातडं दोन्ही टिकतात. अडकलेली पट्टी उन्हात वाळवायला पेटी खळ्यात नेऊ नका, फळ्या तडकतात. कानसही लावू नका. आज घासलेली पट्टी दिवाळीनंतर सैल होऊन खडखडते.

एखादा सूर मुका झाला तर आधी ती पट्टी दाबून पाच-सहा जोरकस दाब द्या. केस किंवा धूळ असेल तर निघते. नाही निघाली तर वरचं झाकण उघडून त्या सुराच्या जिभेखालून पातळ कागदाची पट्टी अलगद सरकवा. सुई, ब्लेड, चाकू लावू नका. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, आणि मग ते काम सूर लावणाऱ्यावाचून होत नाही. पेटी सूर लावायला द्यायची असेल तर वैशाखातच द्या. श्रावण लागला की दुरुस्तीवाल्यांकडे सगळ्या गावांच्या पेट्या येऊन पडतात.

आरतीला बसताना

आरती कोणत्या पट्टीत सुरू होईल हे कुणाच्याच हातात नसतं. घरातला मोठा माणूस सुरुवात करतो आणि चाळीस माणसं उचलतात. दोन ओळी जाऊ द्या. गर्दीचा सा मनात धरा, पेटीवर हलक्या हवेने काळी एकपासून वर एकेक पट्टी चाचपा, जुळली की तिथेच थांबा. त्या पट्टीत बोटं बसलेली नसतील तर नुसते सा आणि प धरा. झांजेच्या गजरात तेवढंही भरून दिसतं. पट्टी ओळखीची असेल तर चाल धरा, आणि मध्येच हरवलात तर साला या.

दुसऱ्या आरतीला लोक बहुतेक वेळा एखादी पट्टी चढतात. लय तर चढतेच. बोटं मागे पडू लागली की प्रत्येक सूर वाजवायच्या मागे लागू नका, मात्रेवरचे सूर घ्या आणि मधले सोडा. भाता मात्र घाईला लावू नका. मंत्रपुष्पांजली सुरू झाली की पेटीचं काम संपलं. एक पट्टी दाबून आतली हवा पूर्ण उतरू द्या, मग खटके बंद करा, भात्याची कडी लावा आणि पट्ट्यांवर पडलेला गुलाल कोरड्या कापडाने टिपून घ्या, फुंकर न मारता.